बडगाम, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं

२७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी भारतीय वायुदलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर श्रीनगरच्या तळावरून उडालं आणि दहा मिनिटांच्या आसपास बडगाम जिल्ह्यातल्या गरेंद कलान गावाशेजारी पेटत कोसळलं. आतले सहाही जण गेले. खाली जमिनीवर असलेला एक काश्मिरी तरुणही गेला. त्या सहा जणांत नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते, वय ३३. ज्या क्षेपणास्त्राने हेलिकॉप्टर पाडलं, ते आपलंच होतं. त्याच तळाच्या रक्षणासाठी ते तिथं आणून ठेवलं होतं.

हा घटनाक्रम मी खामगावात बसून मांडतो आहे, कारण त्या सकाळकडे जाणारी वाट आमच्या बुलढाणा जिल्ह्यातूनही गेली होती. शिवाय या घटनेवर आपल्याकडे चार दिवस हळहळ झाली आणि विषय मागे पडला. युद्धाच्या धामधुमीत अशा चुका होतात, असं म्हणून लोक पुढे गेले. मला ते पटत नाही. ते हेलिकॉप्टर कोणाचं, कुठून उडालं, कुठं परत येतंय, हे टॉवरला ठाऊक होतं. क्षेपणास्त्र सोडणाऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही. दोन्ही जागा एकाच तळावरच्या होत्या.

सुमारे ३०७ तास आधी
१४ फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन

जम्मू-श्रीनगर महामार्गावर, पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोऱ्याजवळ, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यातल्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी येऊन धडकली. ४० जवान गेले. नावं कळली तेव्हा त्यात दोन आमच्या जिल्ह्याची निघाली: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. एका जिल्ह्यात दोन.

मलकापूर खामगावहून नांदुऱ्यामार्गे तासाभराच्या वाटेवर. सोयरीक, बाजारहाट, कापसाच्या गाड्या, सगळं याच रस्त्याने चालतं. १६ फेब्रुवारीला दोन्ही गावांत अंत्यसंस्कार झाले तेव्हा अख्खा जिल्हा लोटला होता. त्या दिवसांत इथल्या प्रत्येक चौकात एकच मागणी होती, आणि ती काय होती हे सांगायला नको. पुढे जे घडत गेलं त्याला सुरुवात झाली ती इथून, म्हणून मोजणीही इथूनच धरली आहे.

साडेतीस तास आधी
२६ फेब्रुवारी, पहाटे साडेतीन

वायुदलाच्या मिराज-२००० विमानांनी पाकिस्तानातल्या बालाकोटजवळ बॉम्ब टाकले आणि ती सुखरूप परतली. १९७१ नंतर पहिल्यांदाच आपली लढाऊ विमानं नियंत्रण रेषाच नव्हे, तिच्या पलीकडचा पाकव्याप्त पट्टाही ओलांडून गेली होती. सकाळी देशाला कळलं. प्रत्युत्तर येणार हे उघड होतं, आणि ते येईल तर उत्तरेकडच्या तळांवर, हेही. श्रीनगर, अवंतीपूर, जम्मू, पठाणकोट, सगळीकडे हवाई संरक्षणाची यंत्रणा डोळ्यांत तेल घालून बसली.

इथं थोडं थांबायला हवं. पुढचं सगळं कळायचं असेल, तर हवेतलं विमान आपली ओळख कशी देतं हे आधी कळायला हवं.

आपल्या डोक्यावरून मुंबई-नागपूर-कोलकाता मार्गाने विमानं रोज जातात. त्यांतलं एखादं वायुदलाचं असतं आणि खालून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. नियंत्रकाच्या पडद्यावरही तो आपोआप कळत नाही. साधं रडार फक्त एवढंच सांगतं की अमुक दिशेला, अमुक अंतरावर धातूचं काहीतरी आहे. पडद्यावर एक ठिपका उमटतो. तो ठिपका इंडिगो आहे, वायुदलाचं एएन-३२ आहे की शत्रूचं विमान, हे तो ठिपका सांगत नाही. ते विमानाने स्वतः सांगावं लागतं.

सांगायच्या वाटा दोन. पहिली तोंडाने. नागरी विमानं नियंत्रकाशी व्हीएचएफवर बोलतात, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. लष्करी विमानांचा आपसातला संवाद बहुतेक यूएचएफवर, २२५ ते ४०० च्या पट्ट्यात चालतो. संकटकाळची हाक नागरी पट्ट्यात १२१.५ वर, लष्करी पट्ट्यात २४३ वर. दुसरा आकडा पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट. नागरी विमानात यूएचएफ रेडिओ नसतोच. लष्करी मालवाहू विमानांत आणि हेलिकॉप्टरांत दोन्ही असतात, कारण त्यांना दोन्ही जगांत वावरावं लागतं. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे. पण सोनेगावला उतरणारं वायुदलाचं विमानही भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या नागरी नियंत्रकाशीच बोलतं. पुण्यात हे उलटं. लोहगाव वायुदलाचा तळ आहे, म्हणून दिल्लीहून पुण्याला येणाऱ्या प्रवासी विमानाला उतरायची परवानगी देतो तो वायुदलाचा नियंत्रक. गोव्यात दाबोळीला तो नौदलाचा असतो. श्रीनगरला वायुदलाचा. आपण खिडकीशी बसून ढग बघत असतो तेव्हा पुढे वैमानिक कुठल्या खात्याच्या माणसाशी बोलतोय, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

दुसरी वाट यंत्राची. विमानात ट्रान्सपाँडर नावाची एक पेटी असते. कॉकपिटमधला तिचा भाग तळहाताएवढा: चार अंकांची खिडकी आणि बंद, सज्ज, चालू असं फिरणारं एक बटण. जमिनीवरचं रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, कोण? पेटी १०९० वर उत्तर देते. वैमानिक नियंत्रकाला आपलं सांकेतिक नाव आणि उंची सांगतो, नियंत्रक चार अंक देतो, वैमानिक ते फिरवून लावतो. काही सेकंदांत पडद्यावरच्या त्या मुक्या ठिपक्याला नाव आणि उंचीची चिठ्ठी चिकटते. अंक ० ते ७ एवढेच, म्हणून एकूण जुळण्या ४,०९६. त्यातल्या तीन जगभर राखून ठेवल्या आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७७०० म्हणजे संकट.

ही सोय मुळात लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि परकं कुठलं हे ओळखायला ती काढली, म्हणून लष्करी भाषेत तिला आयएफएफ म्हणतात, मित्र की शत्रू ओळखण्याचं यंत्र. नागरी नियंत्रकाला दिसणारी चार अंकांची पद्धत लष्करी विमानातही तीच असते. त्याशिवाय लष्करी विमानात सांकेतिक कुलूप घातलेल्या जास्तीच्या पद्धती असतात. त्यांतला प्रश्नही गुप्त आणि उत्तरही गुप्त, शत्रूला नक्कल करता येऊ नये म्हणून.

या दोन वाटांना जोडणारा तिसरा धागा जमिनीवरचा. भारतात बहुतेक उड्डाणांना आधी हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. नागरी नियंत्रण आणि वायुदल यांच्यामध्ये लष्करी संपर्क कक्ष असतात. आकाशात काय-काय येणार आहे हे तिथून हवाई संरक्षणाला कळतं. ठिपका दिसला की तो अपेक्षित होता का, हे ताडून बघायचं असतं. बोलणं, पेटी आणि हा जमिनीवरचा फोन, या तिन्हींतलं एक तुटलं तरी उरलेली दोन भागवून नेतात. दोन तुटली तर जीव एकाच धाग्यावर लोंबतो.

२७ फेब्रुवारी, पावणेदहा ते दहा
पाव तासाहून थोडा अधिक वेळ बाकी

पाकिस्तानी लढाऊ विमानांचे जथे नियंत्रण रेषेकडे निघाल्याचं आपल्या रडारवर दिसलं. एफ-१६, जेएफ-१७, मिराज मिळून दोन डझनांच्या आसपास. त्यांचा रोख राजौरी-नौशेराकडे, म्हणजे पीर पंजालच्या दक्षिणेला होता. आपल्याकडून सुखोई आणि मिराज हवेत होतीच. श्रीनगरहून मिग-२१ बायसन तातडीने वर पाठवली गेली. त्यांतल्या एकात विंग कमांडर अभिनंदन वर्धमान होते. जमिनीवरच्या फायटर कंट्रोलर स्क्वॉड्रन लीडर मिन्टी अगरवाल पडद्यावरून विमानांना दिशा देत होत्या. या कामासाठी त्यांना पुढे युद्ध सेवा पदक मिळालं.

या पंधरा-वीस मिनिटांत काश्मीरच्या आकाशात एकाच वेळी काय चाललं होतं, ते नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. शत्रूची विमानं. आपली विमानं. वाटेत असलेली किंवा निघायच्या बेतात असलेली प्रवासी विमानं, कारण श्रीनगरच्या त्याच धावपट्टीवर पर्यटकही उतरतात. आणि नेहमीच्या कामावर निघालेलं एक हेलिकॉप्टर. या सगळ्यांचा वाहतूक पोलीस म्हणजे श्रीनगरचा टॉवर, आणि त्या टॉवरच्या शेजारी हवाई हल्ल्याची वाट बघत बसलेली क्षेपणास्त्रं.

दहा मिनिटं बाकी
सकाळी दहाच्या सुमारास

१५४ हेलिकॉप्टर युनिटचं एमआय-१७ व्ही-५ श्रीनगरहून उडालं. पुढे स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ आणि स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे. बाकी चौघं वायुदलाचे कर्मचारी.

मांडवगणे नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये शिकले आणि औरंगाबादच्या सेवा पूर्व प्रशिक्षण संस्थेतून पुढे गेले. मराठी मुलांनी सैन्यात अधिकारी व्हावं म्हणून राज्य सरकारने ही संस्था १९७७ पासून चालवली आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत तिच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालते. घरी त्यांची पत्नी आणि लहान मुलगी होती.

एमआय-१७ म्हणजे वायुदलाचं ओझं वाहणारं जनावर. पुरात अडकलेल्यांना उचलणं, बर्फातल्या चौक्यांना रसद पोचवणं, जखमींना आणणं ही त्याची कामं. ते लढाऊ विमानाच्या मानाने सावकाश आणि खालून उडतं. नेमका हाच गुण त्या सकाळी घातक ठरला. खालून, सावकाश, तळाच्या दिशेने येणारा ठिपका पडद्यावर मानवरहित विमानासारखा किंवा एखाद्या क्षेपणास्त्रासारखाही वाटू शकतो. पुढे आलेल्या वृत्तांनुसार, घोटाळा असाच झाला.

पाच-सहा मिनिटं बाकी

आकाशात लढाई पेटलेली पाहून हेलिकॉप्टरला माघारी बोलावलं गेलं.

चौकशीची जी माहिती वृत्तपत्रांतून बाहेर आली, तिच्यात या एका निर्णयावर बोट आहे. हवाई हल्ल्याचा इशारा असताना तळाभोवतीचं आकाश म्हणजे क्षेपणास्त्रांचं अंगण. तिथं जे येईल ते परकं समजलं जाण्याची भीती सर्वांत जास्त. म्हणून अशा वेळी सावकाश उडणाऱ्या आपल्या विमानांना आधीच ठरवलेल्या सुरक्षित भागात, तळापासून दूर पाठवायचं असतं, आणि वातावरण निवळेपर्यंत तिथंच ठेवायचं असतं. हे हेलिकॉप्टर तळाकडे येत राहिलं. बोलावणाऱ्याला वाटलं असेल, घरात आणावं. नियमाची कागदावरची अक्कल त्या घटकेच्या मायेपेक्षा शहाणी होती.

दुसरी गोष्ट त्या पेटीची. आयएफएफ बंद होतं. रडारने विचारलेल्या 'कोण?' या प्रश्नाला हेलिकॉप्टरकडून उत्तर गेलं नाही. ट्रान्सपाँडर बंद ठेवण्यामागे लष्करी कारण असू शकतं: पेटी उत्तर देते तेव्हा रेडिओ लहरी सोडते, आणि त्या लहरी शत्रूलाही पकडता येतात. पण आपलीच क्षेपणास्त्रं सज्ज असलेल्या आकाशात तिचं मौन दुधारी असतं. या बाबतीत वायुदल मुख्यालयाच्या आदेशाचं पालन झालं नाही, असं पुढच्या कारवाईत समोर आलं.

उरला जमिनीवरचा धागा. टॉवरला माहीत असलेली गोष्ट क्षेपणास्त्राचा निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचली असती, तरी सातही जीव वाचले असते. तळावर यासाठी टर्मिनल वेपन्स डायरेक्टर नावाचं पदच असतं. क्षेपणास्त्र सोडायचं की नाही हे सांगायचा अधिकार त्या खुर्चीला. जमिनीवरचे अधिकारी आणि हेलिकॉप्टर यांच्यातल्या संपर्कात आणि समन्वयात गंभीर उणिवा होत्या, हा चौकशीचा निष्कर्ष वृत्तपत्रांत आला.

तीन धागे होते. तिन्ही त्या पाच मिनिटांत सुटले.

काही सेकंद बाकी

तळावरून स्पायडर प्रणालीचं क्षेपणास्त्र सुटलं. इस्रायली बनावटीची ही प्रणाली खालून येणाऱ्या लक्ष्यांसाठीच आहे. काही सेकंदांचा प्रवास. आपल्याच तळावरून आपल्यावर काही येतंय, अशी शंका घ्यायचं हेलिकॉप्टरमधल्या माणसांना काही कारण नव्हतं. ते घराकडे निघाले होते.

दहा वाजून दहा मिनिटं

गरेंद कलानच्या लोकांनी स्फोटाचा आवाज ऐकला आणि पेटलेले तुकडे शेतात पडताना पाहिले. वशिष्ठ, मांडवगणे आणि चौघं सहकारी. आणि ज्याचा या सगळ्या लढाईशी काडीचा संबंध नव्हता, असा गावातला एक तरुण. त्याची गणती आपल्याकडच्या बातम्यांत बऱ्याचदा शेवटच्या ओळीत झाली. ती इथं सहा जणांच्या बरोबरीने करतो.

साधारण याच वेळी पीर पंजालच्या पलीकडे अभिनंदन यांचं मिग पडलं आणि ते पाकव्याप्त काश्मीरमध्ये हवाई छत्रीने उतरले. देशाचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

एक तासानंतर

श्रीनगर, जम्मू, लेह, अमृतसर, पठाणकोट यांसह उत्तरेकडचे विमानतळ नागरी विमानांना बंद झाले. वाटेत असलेली विमानं मागे वळवली गेली. पाकिस्तानने तर आपलं अख्खं आकाश बंद केलं, आणि भारताच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी ते पुरतं उघडलं १६ जुलैला. २ जुलैपर्यंत लांबच्या फेऱ्याने एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसला, असं सरकारने राज्यसभेत सांगितलं. आपले विमानतळ मात्र त्याच दुपारी पुन्हा सुरू झाले.

विमानतळ बंद करण्याचा हुकूम निघाला तेव्हा हेलिकॉप्टर जळून गेलं होतं. आकाश रिकामं करण्याचा निर्णय सर्वांत आधी व्हायला हवा, शेवटी नव्हे. १९९६ मध्ये दिल्लीजवळ चरखी दादरीला दोन विमानं एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली, तेव्हाही मुळाशी आकाशाच्या वाटणीचाच प्रश्न होता. दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश वायुदलाच्या ताब्यात, म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच पट्टी उरलेली. त्या दोनांतलं कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आलं ही चूक वैमानिकांची. पण येणारं आणि जाणारं विमान एकाच पट्टीत समोरासमोर आणणारी व्यवस्था ही आपली होती. त्या संध्याकाळी आगीचा लोळ पाहून दिल्लीच्या नियंत्रकाला रेडिओवर पहिल्यांदा कळवलं ते अमेरिकी वायुदलाच्या सी-१४१ मालवाहू विमानाने. लष्करी विमान, परदेशी वैमानिक, नागरी नियंत्रक, आणि एकच व्हीएचएफ वाहिनी. ती वाट त्या दिवशी चालू होती म्हणून टॉवरला तातडीने कळलं तरी.

पाच तासांनंतर
दुपारी तीननंतर

परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन आलं. पाकिस्तानचं एक विमान पाडलं, आपलं एक मिग-२१ गेलं, त्याचा वैमानिक बेपत्ता आहे. हेलिकॉप्टरचा त्यात उल्लेख नव्हता. त्याबद्दल बातम्यांत तांत्रिक बिघाडाची चर्चा चालली.

दोन दिवसांनंतर
१ मार्च

सकाळी नाशिकमध्ये निनाद मांडवगणे यांना निरोप देण्यात आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. रात्री नऊच्या पुढे वाघा-अटारी सीमेवरून अभिनंदन चालत परत आले आणि देशभर फटाके वाजले. तो आनंद खरा होता, कुणी त्याला नावं ठेवू नयेत. पण त्या दिवशी नाशिकच्या घराला हेसुद्धा सांगितलं गेलेलं नव्हतं की त्यांचा माणूस कशाने गेला.

सात महिन्यांनंतर
४ ऑक्टोबर २०१९

नवे वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल आर. के. एस. भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती आपली मोठी चूक होती. त्यांनी ते आडपडद्याशिवाय सांगितलं, याचं मोल आहे. पण मध्ये सात महिने गेले होते. मध्ये लोकसभेची निवडणूकही झाली होती.

अशा चुका जगात आधीही झाल्या आहेत आणि त्यांचं साम्य अंगावर येतं. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडलं. २९० माणसं गेली, त्यांत १० भारतीय होते. ते विमान ज्या बंदर अब्बासहून उडालं, तो विमानतळ श्रीनगरसारखाच, लष्कर आणि प्रवासी यांच्या सामाईक वापरातला. विमानाची पेटी चालू होती, नागरी ओळखच सांगत होती. युद्धनौकेने विमानाला हाका मारल्या, पण बहुतेक हाका २४३ वर, जी वाहिनी प्रवासी विमानाला ऐकूच येत नाही. १२१.५ वर ज्या मारल्या, त्यांत कोणत्या विमानाला उद्देशून हे वैमानिकाला कळावं असं काही नव्हतं.

बडगामच्या जास्त जवळची घटना १४ एप्रिल १९९४ ची. उत्तर इराकमध्ये अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ जण गेले. हेलिकॉप्टरांची पेटी चालू होती, पण तिच्यातला संकेत त्या क्षेत्रासाठी ठरलेला नव्हता. रेडिओ चालू होता, पण लढाऊ विमानांपेक्षा वेगळ्या वाहिनीवर. आणि वर घिरट्या घालणाऱ्या टेहळणी विमानातल्या माणसांना ती हेलिकॉप्टरं त्या भागात आहेत हे माहीत होतं. त्यांनी ते लढाऊ वैमानिकांना सांगितलं नाही. श्रीनगरचा टॉवर आणि स्पायडर, तसंच हे.

चार वर्षांनंतर
२०२३

जनरल कोर्ट मार्शलने घटनेच्या वेळी श्रीनगर तळावर जबाबदारीच्या पदावर असलेल्या एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा सुनावली. दुसऱ्या एका अधिकाऱ्याला कडक ताकीद मिळाली. शिक्षेला मान्यता मिळणं आणि त्याविरुद्धचे न्यायालयीन झगडे, हे त्यापुढचं. मी त्यांची नावं इथं घेत नाही. व्यक्तींचा न्याय न्यायालय करील. माझं म्हणणं व्यवस्थेबद्दल आहे.

कारण ती व्यवस्था रोज वापरात आहे. २१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं, दोनशेहून अधिक प्रवासी असलेलं इंडिगोचं विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडलं. वैमानिकांनी वायुदलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे डावीकडे, सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. लाहोरकडे मागितली, तीही मिळाली नाही. विमान वादळातून गेलं. त्याच नॉर्दर्न कंट्रोलने मग श्रीनगरपर्यंत दिशा देत नेलं, आणि ते फुटक्या नाकाने का होईना, सुखरूप उतरलं. त्या प्रवाशांचा जीव काही मिनिटं लष्करी आणि नागरी संवादाच्या याच धाग्यावर होता. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, त्याच मे महिन्यात, उत्तर आणि पश्चिमेचे ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद ठेवले गेले. बडगामनंतरच्या सहा वर्षांत आकाश रिकामं करण्याची घाई वाढलेली दिसते, आणि ही घाई योग्यच आहे.

मांडवगणे यांच्या कुटुंबाला, गरेंद कलानमधल्या त्या घराला आणि उरलेल्या पाच घरांना मिळायला हवा तो चौकशीचा अहवाल. अमेरिकेने ब्लॅक हॉकचा तपास जगासमोर ठेवला. कोण कुठल्या वाहिनीवर होतं, पेटीत कुठला संकेत होता, टेहळणी विमानातला कुठला माणूस गप्प राहिला, हे सगळं त्यात होतं. जगभरच्या लष्करी शाळा आज तो धडा म्हणून शिकवतात. आपला अहवाल वायुदलाच्या कपाटात आहे. त्यातले संकेतांक आणि क्षेपणास्त्राचे तपशील खुशाल काळे करावेत. पण टॉवरमधून क्षेपणास्त्राच्या कक्षात त्या पाच मिनिटांत फोन झाला की नाही, झाला तर कुणी काय सांगितलं, आणि नाही झाला तर का नाही, एवढं तरी छापून यावं. लोहगावला, दाबोळीला आणि श्रीनगरला आज रात्रपाळीला बसणाऱ्या नियंत्रकांना ते वाचायला मिळायला हवं.